वाचक विचारतात : स्टँटन शहराचा कारभार कोण पाहतो?

सहकारनगर येथील एका वाचक भगिनींची मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील स्टँटन या लहान शहरात राहतात. तेथे तीन महिने राहून आल्यावर त्यांनी आम्हाला सविस्तर पत्र लिहिले. त्याच सुमारास महापालिकेच्या कारभाराविषयी इतर वाचकांकडूनही प्रश्न आले, आणि त्यांतील बऱ्याच प्रश्नांचा धागा या पत्राशी जुळत होता. म्हणून या वेळचे सदर आम्ही संपूर्णपणे या एका शहरासाठी ठेवले आहे.

प्रश्न : मुलीच्या शेजाऱ्यांना महापौर कोण असे विचारले, तर त्यांनी नाव सांगितले, पण लगेच म्हणाले, काम असेल तर शहर व्यवस्थापकाच्या कार्यालयात जा. महापौर असताना हा व्यवस्थापक कशासाठी? त्याला निवडून कोण देते? (वाचक, सहकारनगर)

उत्तर : स्टँटन हे ब्लू रिज आणि ॲलेगेनी या डोंगररांगांमधील शेनान्डोआ खोऱ्यात वसलेले शहर आहे. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २५,७५० होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या नगरपरिषदेच्या आवाक्यातली. आपण पत्रात 'स्टाँटन' असे लिहिले आहे. इंग्रजी अक्षरांवरून तसेच वाटते, परंतु स्थानिक लोक 'स्टँटन' म्हणतात. अमेरिकेचे २८ वे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा जन्म २८ डिसेंबर १८५६ रोजी याच गावात, त्यांच्या धर्मोपदेशक वडिलांच्या निवासस्थानी झाला. शेक्सपिअरच्या काळातील बंदिस्त नाट्यगृहाची प्रतिकृती असलेले ब्लॅकफ्रायर्स हे नाट्यगृहही येथेच आहे. ते २००१ मध्ये सुरू झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शहराच्या परिषदेत सात सदस्य असतात. त्यांची मुदत चार वर्षांची असते, पण सर्वांची एकाच वेळी संपत नाही. दर दोन वर्षांनी काही जागांसाठी निवडणूक होते, त्यामुळे परिषद कधीच पूर्ण नव्याने भरत नाही. शहराचे प्रभाग पाडलेले नाहीत आणि प्रत्येक सदस्य संपूर्ण शहरातून निवडला जातो. जितक्या जागा रिकाम्या असतील तितकी मते एका मतदाराला देता येतात. चार सदस्यांच्या प्रभागात चार वेळा बटण दाबण्याची सवय पुणेकरांना असल्यामुळे हे समजायला जड जाऊ नये. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्षाचा उल्लेख नसतो. निवडून आलेले सदस्य आपल्यातूनच दोन वर्षांसाठी महापौर आणि उपमहापौर निवडतात. महापौर सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात, समारंभांत शहराचे प्रतिनिधित्व करतात आणि सभेत इतरांप्रमाणेच एक मत देतात. रस्ते, पाणी, कचरा, उद्याने, अग्निशमन या खात्यांवर त्यांचा थेट अधिकार चालत नाही.

तो अधिकार शहर व्यवस्थापकाचा असतो. त्याला मतदार निवडून देत नाहीत, आणि राज्य सरकारही पाठवत नाही. परिषद त्या पदासाठी जाहिरात देते, देशभरातून आलेल्या उमेदवारांच्या मुलाखती घेते आणि त्यांतून एकाची नेमणूक करते. खातेप्रमुख नेमणे, अंदाजपत्रकाचा मसुदा तयार करणे आणि परिषदेने ठरवलेले धोरण अमलात आणणे ही त्याची कामे आहेत. परिषदेचा विश्वास असेपर्यंतच तो पदावर राहतो. आपल्या शेजाऱ्यांनी दिलेला सल्ला म्हणूनच अगदी बरोबर होता.

प्रश्न : शहर व्यवस्थापकाची पद्धत प्रथम स्टँटनमध्येच सुरू झाली, असे ऐकले. इतक्या लहान गावाला ती का सुचली? (वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : या पद्धतीचा पहिला मान सामान्यतः स्टँटनलाच दिला जातो, आणि त्यामागची हकिकत तपशिलाने सांगण्यासारखी आहे. व्हर्जिनिया राज्याने १९०२ मध्ये नवी राज्यघटना स्वीकारली. तिच्यानुसार १० हजारांवर वस्ती असलेल्या शहरांना दोन सभागृहांची परिषद ठेवणे बंधनकारक झाले. स्टँटनची वस्ती ही मर्यादा ओलांडून गेल्यावर एका लहानशा गावावर दोन सभागृहे आणि त्यांच्या अनेक समित्या यांचा भार पडला. रस्त्यांना फरसबंदी नव्हती आणि पावसाळ्यात चिखल होत असे. प्रत्येक कामाचा कागद या समितीकडून त्या समितीकडे फिरत राही. सदस्य आपापले धंदे सांभाळून सभेला येणारे होते, आणि एखादे काम रखडले तर त्याला जबाबदार कोण, हे कोणालाच सांगता येत नसे.

त्या वेळी सुधारणेचे दुसरे एक उदाहरण देशात गाजत होते. टेक्सासमधील गॅल्व्हस्टन शहराचा ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात हजारो माणसांसह विध्वंस झाला होता. पुनर्बांधणीसाठी तेथे १९०१ मध्ये आयुक्तमंडळाची पद्धत आणली गेली, म्हणजे थोडे आयुक्त आणि प्रत्येकाकडे एकेक खाते. स्टँटनमध्येही तिचा विचार झाला. मात्र महापौर आणि परिषद रद्द करण्याची मुभा राज्यघटनेने दिलेली नव्हती. तेव्हा शहराने त्यातून वाट काढली. परिषद तशीच ठेवायची आणि तिच्या हाताखाली, सगळी प्रशासकीय कामे एकहाती पाहणारा एक पगारी, पूर्णवेळ अधिकारी नेमायचा, असे ठरले. जानेवारी १९०८ मध्ये तसा ठराव झाला. त्या पदाचे नाव होते सर्वसाधारण व्यवस्थापक.

एप्रिल १९०८ मध्ये त्या पदावर जो माणूस आला, त्याच्याविषयी पुण्या-मुंबईच्या वाचकांना विशेष आस्था वाटावी. चार्ल्स ॲशबर्नर हा अभियंता एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा होता आणि त्याचा जन्म १८७० मध्ये मुंबईत झाला होता. अमेरिकेतील पहिला शहर व्यवस्थापक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो माणूस मुंबईत जन्मलेला असावा, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. तो स्टँटनमध्ये १९११ पर्यंत होता. पुढे त्याने नॉरफोक आणि कॅलिफोर्नियातील स्टॉकटन या शहरांतही हेच पद सांभाळले. एका शहरात काम करून दाखवायचे आणि त्या बळावर दुसऱ्या शहराने बोलावून घ्यायचे, हा या व्यवसायाचा रिवाज त्याच्यापासूनच पडला असे म्हणता येईल.

स्टँटनच्या या प्रयोगाला रिचर्ड चाइल्ड्स या सुधारकाने रेखीव रूप दिले आणि त्याचा देशभर प्रचार केला. दक्षिण कॅरोलायनातील समटर शहराने १९१२ मध्ये ती पद्धत पूर्ण स्वरूपात स्वीकारली. मार्च १९१३ मध्ये ओहायोतील डेटन शहरात महापूर आला, आणि जुन्या कारभाराचे अपुरेपण उघडे पडल्यावर पुढच्याच वर्षी तेथेही ती लागू झाली. तेव्हापासून मोठी शहरे तिच्याकडे वळली. १९९२ पासून पुण्याचे भगिनी शहर असलेले सॅन होजे याच पद्धतीने चालते.

या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ज्या १९०२ च्या राज्यघटनेमुळे हा पेच निर्माण झाला, तिनेच मतदानासाठी डोईपट्टी आणि साक्षरतेच्या अटी घालून व्हर्जिनियातील बहुसंख्य कृष्णवर्णीय नागरिकांना आणि अनेक गरीब गोऱ्यांनाही मतदारयादीबाहेर ठेवले होते. राज्याच्या आणि स्थानिक निवडणुकांसाठीची डोईपट्टी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये रद्द केली, आणि तो खटलाही व्हर्जिनियातलाच होता. कार्यक्षम कारभाराची ही सुधारणा ज्या मतदारांच्या नावाने झाली, ते मतदार शहराचा केवळ एक भाग होते. ती पद्धत चांगली आहे असे मला वाटते, परंतु तिचा गौरव करताना हे विसरून चालणार नाही.

प्रश्न : मी महापालिकेत ३० वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. आमच्याकडेही निवडून आलेली मुख्य सभा आहे, मानाचे महापौर आहेत आणि सगळा कारभार हाती असलेले आयुक्त आहेत. मग स्टँटनमध्ये वेगळे ते काय? (वाचक, वारजे)

उत्तर : आपला प्रश्न नेमका आहे, कारण वरवर पाहिले तर दोन्ही रचना जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. पुणे महापालिकेची स्थापना १५ फेब्रुवारी १९५० रोजी झाली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार महापौर नगरसेवकांमधून अडीच वर्षांसाठी निवडले जातात आणि कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. अंदाजपत्रकाचा मसुदा आयुक्त स्थायी समितीपुढे मांडतात. स्टँटनमध्येही ते व्यवस्थापकच मांडतो. तेथील आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते, म्हणून ही सगळी धावपळ वसंत ऋतूत चालते, एवढाच काय तो फरक.

खरा फरक नेमणुकीच्या आदेशावर सही कोणाची, या एका मुद्द्यात आहे. आपले आयुक्त राज्य शासन नेमते आणि त्यांची बदलीही राज्य शासनच करते. ते भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकारी असतात, आज या शहरात तर उद्या दुसऱ्या खात्यात. त्यांच्या पुढच्या नेमणुकीचा विचार पुण्याच्या मुख्य सभेत होत नाही, तो मंत्रालयात होतो. कायद्यात एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश मतांनी आयुक्तांना परत बोलावण्याची मागणी करण्याची तरतूद आहे, हे आपल्याला माहीत असेलच. मात्र २०१६ मध्ये नवी मुंबईत असा ठराव प्रचंड बहुमताने मंजूर होऊनही शासनाने आयुक्तांना लगेच हलवले नाही. तो निर्णय त्या प्रसंगी योग्य होता की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. परंतु शेवटचा शब्द निवडून आलेल्या सभेचा नव्हता, हे त्यातून दिसले. स्टँटनमध्ये सातांपैकी चार सदस्यांनी ठरवले, तर व्यवस्थापकाला जावे लागते.

याचा परिणाम दोन्ही अंगांनी होतो. आपल्याकडे रस्ता उखडलेला राहिला, तर नगरसेवक म्हणतात प्रशासन ऐकत नाही, प्रशासन म्हणते सभेने तरतूद पळवली, आणि नागरिकाला दोन्ही खरे वाटते. स्टँटनमध्ये परिषदेला 'प्रशासन ऐकत नाही' असे म्हणण्याची सोय राहत नाही, कारण प्रशासनाचा प्रमुख तिनेच निवडलेला असतो. दुसऱ्या बाजूने, अधिकाऱ्याला तेथे संरक्षण कमी असते. निवडणुकीत बहुमत पालटले की चांगल्या व्यवस्थापकालाही निरोप मिळू शकतो. म्हणून या व्यवसायातील लोक नेमणुकीच्या वेळीच करार करतात, आणि पद गेल्यास काही महिन्यांचे वेतन मिळण्याची अट त्यात घालून घेतात. सदस्यांनी व्यवस्थापकाला डावलून कर्मचाऱ्यांना परस्पर आदेश देऊ नयेत, असा दंडकही या पद्धतीत असतो. क्षेत्रीय कार्यालयात बसून आपण जे फोन घेतले असतील, त्यांची आठवण ठेवली म्हणजे हा नियम किती मोलाचा आहे, ते आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

आणखी एक भेद आहे. पुण्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक लांबल्यामुळे आयुक्तच प्रशासक झाले. मुख्य सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याकडे एकवटले. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच, अशी ती अवस्था होती. व्यवस्थापकाचे सगळे अधिकार परिषदेकडून आलेले असतात, त्यामुळे परिषदच नाही आणि व्यवस्थापक मात्र आहे, ही कल्पना स्टँटनच्या रहिवाशाला समजावून सांगणेही कठीण जाईल. पुण्याच्या त्या काळाविषयी मला जी हळहळ वाटते, ती कोणा अधिकाऱ्याच्या कामाविषयी नाही. प्रश्न विचारण्याची हक्काची जागाच बंद राहिली, याविषयी आहे.

प्रश्न : आमचे गाव महापालिकेत समाविष्ट झाले. मिळकतकर वाढला, पाणी अजून टँकरने येते. अमेरिकेत शहरे अशीच गावे गिळतात का? (वाचक, धायरी)

उत्तर : व्हर्जिनियाची गोष्ट या बाबतीत अमेरिकेतही निराळी आहे. तेथे काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा किंवा मोठा तालुका. बहुतेक राज्यांत शहर हे काउंटीचा भाग असते, जसे पुणे शहर पुणे जिल्ह्यात आहे. व्हर्जिनियात मात्र शहराचा दर्जा मिळाला की ते काउंटीतून कायद्याने वेगळे होते. अशी ३८ स्वतंत्र शहरे त्या राज्यात आहेत आणि उरलेल्या संपूर्ण देशात केवळ तीन. स्टँटनला हा दर्जा १८७१ मध्ये मिळाला. चहूबाजूंनी ऑगस्टा काउंटी आणि मध्ये स्टँटन, अशी रचना आहे. तरीही शहरातील रहिवासी काउंटीला कर देत नाही आणि काउंटीच्या मंडळासाठी मतही देत नाही.

शहराला वाढायचे तर काउंटीची जमीन तोडून घ्यावी लागे. त्यासाठी पूर्वी न्यायालयात जावे लागत असे, आणि काउंटी आपले करदाते वाचवण्यासाठी जोरात लढे. हे झगडे इतके विकोपाला गेले, की १९८७ पासून राज्याने शहरांच्या अशा हद्दवाढीला स्थगितीच दिली. आपल्याकडे २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे शासनाच्या अधिसूचनेने पुणे महापालिकेत आली, आणि पुढे उरुळी देवाची व फुरसुंगी यांना पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली. काउंटीला न्यायाधीशापुढे 'आम्हाला का तोडता?' असे विचारता येत होते, तशी संधी धायरीला मिळाली नाही. स्थगितीचाही एक तोटा आहे : शहराच्या हद्दीला लागून नव्या वसाहती आणि दुकाने उभी राहतात, त्यांचा कर काउंटीला जातो आणि जुन्या शहराला मोजक्याच जमिनीवर भागवावे लागते.

काही कामे मात्र भांडून होत नाहीत. कचरा पुरण्याची जागा ऑगस्टा काउंटी, स्टँटन आणि शेजारचे वेन्सबरो शहर यांच्या सामाईक मालकीची आहे, आणि तुरुंगही या तिघांसह हॅरिसनबर्ग शहर व रॉकिंगहॅम काउंटी अशा पाच जणांचा मिळून आहे. शहराचा कचरा आणि गावाची जमीन या नात्याने फुरसुंगीने जे सोसले, ते आठवले की खर्चात आणि निर्णयात वाटा असलेली ही व्यवस्था अभ्यासण्यासारखी वाटते.

प्रश्न : तेथे कोणकोणते कर भरावे लागतात? (वाचक, कोथरूड)

उत्तर : मुख्य आधार मिळकतकराचाच आहे. घर आणि जमीन यांच्या बाजारमूल्यावर दर १०० डॉलरमागे ठरावीक दराने तो आकारला जातो, आणि हा दर परिषद दरवर्षी अंदाजपत्रकाबरोबर जाहीर सुनावणी घेऊन ठरवते. त्याखेरीज मोटारीच्या किमतीवर दरवर्षी स्थानिक कर द्यावा लागतो. आपल्याकडे वाहनाचा कर नोंदणीच्या वेळी राज्याला जातो, तेथे तो शहराच्या तिजोरीत येतो. उपाहारगृहातील जेवणावर आणि हॉटेलमधील मुक्कामावरही शहराचा वेगळा कर असतो. करवसुलीसाठी निवडून आलेले कोषाध्यक्ष असतात. ते, तसेच शेरीफ आणि सरकारी वकील, थेट मतदारांनी निवडलेले असल्यामुळे व्यवस्थापकाच्या अधिकाराबाहेर राहतात.

कोणता कर लावता येईल हे मात्र शहराच्या मर्जीवर नाही. राज्याच्या विधिमंडळाने दिलेले अधिकार तेवढेच शहराला, असे तत्त्व व्हर्जिनियात काटेकोर पाळले जाते. १८६८ मध्ये ते मांडणाऱ्या जॉन डिलन या न्यायाधीशांच्या नावाने ते ओळखले जाते. त्यामुळे आपल्याकडे ७४ व्या घटनादुरुस्तीने १८ विषयांची यादी देऊनही अधिकार राज्याच्या हाती राहिले अशी जी तक्रार होते, तिच्यासारखी तक्रार तेथेही ऐकू येते.

प्रश्न : आमच्या घरात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचे पाणी शिरले. लहान आणि नीट चालवलेल्या शहरात असे घडत नसेल ना? (वाचक, अरण्येश्वर)

उत्तर : घडते. स्टँटनच्या जुन्या बाजारपेठेखालून लुईस क्रीक नावाचा ओढा बंदिस्त मोऱ्यांतून वाहतो. ८ ऑगस्ट २०२० रोजी थोड्या वेळात प्रचंड पाऊस झाला, मोऱ्यांना ते पाणी पेलले नाही आणि बाजारपेठेतील दुकाने व तळघरे पाण्याखाली गेली. ओढा झाकून त्यावर गाव वाढवण्याची चूक तेथील पूर्वजांनीही केली होती, आणि कारभाराची कोणतीही पद्धत ती मागे जाऊन दुरुस्त करू शकत नाही. अशा वेळी फरक पडतो तो नंतरच्या प्रश्नांत : मोरीची क्षमता किती आहे, ती वाढवायला किती खर्च येईल, तो कोणत्या वर्षी करायचा, याचे उत्तर भर सभेत एका माणसाला द्यावे लागते की नाही. आपल्या भागातील सीमाभिंतींविषयी आपण इतकी वर्षे जे विचारत आहात, त्यालाही असाच एक उत्तरदायी माणूस मिळायला हवा होता. आपल्या पत्रातील रागाशी मी सहमत आहे.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेची नागरिक नाही. तिच्या घरासमोरचा पदपथ उखडला आहे. ती मत देऊ शकत नाही, मग तिचे कोण ऐकणार? (वाचक, सहकारनगर)

उत्तर : व्हर्जिनियात मतदान केवळ अमेरिकी नागरिकांनाच करता येते, हे खरे आहे. परंतु परिषदेची सभा खुली असते, आणि नागरिकांच्या बोलण्यासाठी तीत वेळ राखून ठेवलेला असतो. बोलणाऱ्याकडे मतदार ओळखपत्र मागितले जात नाही. सभा बंद दाराआड घ्यायची असेल, तर कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एक कारण आधी जाहीर करावे लागते, आणि नंतर 'त्या विषयाखेरीज दुसरे काही बोललो नाही' असे सदस्यांना खुल्या सभेत मतदानाने नोंदवावे लागते. कागदपत्रे मागितल्यास राज्याच्या माहिती कायद्यानुसार पाच कामकाजाच्या दिवसांत प्रतिसाद द्यावा लागतो; आपल्या माहिती अधिकारात ही मुदत ३० दिवसांची आहे. पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातील कामे सुचवून घेतली जातात, त्यात आपण भाग घेतला असेल तर ही रीत आपल्याला परकी वाटणार नाही.

मुलीला सांगावे, की आधी शहराच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे छायाचित्रासह लेखी तक्रार द्यावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. दोन-तीन आठवड्यांत काही झाले नाही, तर त्या क्रमांकासह शहर व्यवस्थापकाच्या कार्यालयाला लिहावे. तरीही उत्तर आले नाही, तर परिषदेच्या पुढच्या सभेला जावे, दारावरच्या यादीत नाव लिहावे आणि आपली पाळी आली की घराचा पत्ता, तक्रारीची तारीख व क्रमांक एवढेच सांगून खाली बसावे. व्यवस्थापक त्याच सभागृहात, त्याला नेमणाऱ्या सात जणांसमोर बसलेला असतो.